आणखी एक वर्ष

(लूककृत शुभवर्तमान, अध्याय १३, वचनें ६ ते ९ हीं प्रथम वाचावीं.)



आपल्या प्रभूनें सांगितलेल्या दृष्टांतांत हा अगदीं लहान आहे. द्राक्षांच्या मळ्यांत अंजिराचें एकच झाड. धनी तीन वर्षें फळाच्या आशेनें येतो आणि तिन्ही वर्षें रिकाम्या हातानें परततो. शेवटीं तो माळ्याला झाड तोडावयास सांगतो, कारण त्यानें जागा व्यर्थ अडविली आहे. माळी एका वर्षाची मुदत मागतो. तेवढ्या वर्षांत आपण झाडाभोंवतीं खणूं, त्याला खत घालूं. त्याउपर फळ न आलें तर धन्यानें तें खुशाल तोडावें, असें तो म्हणतो.

इतकेंच. पुढल्या वर्षीं त्या झाडाला फळ आलें कीं त्याच्या मुळाशीं कुऱ्हाड पडली, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. ऐकणाऱ्यांस तें कळलें नाहीं व आपणांसही कळत नाहीं. गोष्ट अशी अर्धी कां सोडिली असावी, ह्याचा मीं पुष्कळदां विचार केला आहे.

हा दृष्टांत कोणाला सांगितला तें पाहा. त्याच्या आधींच कांहीं लोक प्रभूकडे एक बातमी घेऊन आले होते. पिलातानें कित्येक गालीलकरांना ते यज्ञ करीत असतांच मारविलें होतें. ते मेलेले लोक इतरांपेक्षां अधिक पापी होते काय, असा त्यांच्या मनांतला प्रश्न होता. प्रभूनें शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांचीही आठवण दिली, आणि ऐकणाऱ्यांचें तोंड त्यांच्या स्वतःच्याच अंतःकरणाकडे फिरविलें. लगेच हा दृष्टांत येतो. म्हणून जो मनुष्य हा दृष्टांत वाचतांच मनांत शेजाऱ्याचें नांव घेतो, तो त्या बातमी आणणाऱ्यांच्याच रांगेंत उभा आहे. मीही एकदां त्या रांगेंत उभा होतों. तें पुढें सांगेन.

आतां अंजिराविषयीं. आपल्या प्रांतांत पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत, सासवडच्या आसपास, अंजिराच्या बागा पुष्कळ आहेत. २०१६ सालीं तेथील अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथले बागवान अंजिराचे दोन बहार धरितात. उन्हाळ्यांत पिकणाऱ्या फळाला गोडी अधिक, म्हणून तो मीठा बहार, आणि दुसरा तो खट्टा बहार. ज्यांनीं अंजिराचें झाड पाहिलें नसेल त्यांनीं उंबर डोळ्यांपुढें आणावा. दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं. वड व पिंपळ हेही त्यांचेच भाऊबंद.

उंबराचें फूल कोणीं पाहिलें आहे? जी वस्तु कधीं दृष्टीस पडत नाहीं तिला आपण उंबराचें फूलच म्हणतों. तरी उंबराला फुलें नसतात असें नाहीं. तीं फळाच्या पोटांत असतात, शेंकडों, बारीक बारीक. आणि अंजिराचेंही तसेंच. आंबा मोहरला कीं सर्व गांवाला कळतें, आणि यंदा आंबे किती येतील ह्याविषयीं पारावर वाद सुरू होतात. अंजिराचें झाड असा कांहीं गाजावाजा करीत नाहीं. आज पानाच्या बगलेंत कांहीं नसतें, आणि कांहीं दिवसांनीं तेथें हिरवी गोळी दिसते. त्यामुळें अंजिराखालीं उभें राहून हें झाड आतां कधींच फळणार नाहीं, असें म्हणण्यास मोठें धैर्य लागतें. उपदेशकांनीं व पंचांनीं हें ध्यानांत ठेवावें. कित्येकांच्या अंतःकरणांत देवाचें काम उंबराच्या फुलासारखें चाललेलें असतें. तें आपल्या पटावर लिहितां येत नाहीं.

परंतु धन्याचा आक्षेप खोटा होता असें मात्र कोणीं समजूं नये. निष्फळ झाड नुसतें उभें राहत नाहीं. तें पाणी पितें, खत खातें, आणि त्याच्या सावलीखालच्या द्राक्षवेली खुरटतात. मंडळींतही असेंच आहे. बाप उपासनेला येत नाहीं हें मुलगा पाहतो. वडील म्हणविणारा मनुष्य व्याजबट्टा करितो हें सर्व वाडी पाहते. बाप्तिस्मा झाला, आतां फळाची कशाला काळजी, असें जो शिकवितो तो लोकांस फसवितो. माळ्यानें तसें शिकविलें नाहीं. झाड चांगलें आहे, असें तो म्हणाला नाहीं. पानें किती हिरवीं आहेत पाहा, असेंही म्हणाला नाहीं. तीन वर्षांचा हिशेब त्यानें मुकाट्यानें कबूल केला आणि कुदळ आपल्या हातीं घेतली. आणखी असें पाहा कीं, धनी निर्दय आणि माळी तेवढा दयाळू, असाही ह्याचा अर्थ नव्हे. असा माळी आपल्या मळ्यावर नेमणारा धनीच होता. ज्या पित्यानें आपला पुत्र दिला, तो आपल्या झाडांचा वैरी कसा असेल?

मरीया मग्दालिया कबरेजवळ रडत असतां तिनें उठलेल्या प्रभूला माळी समजून हांक मारिली, हें योहानानें आपल्या विसाव्या अध्यायांत लिहून ठेविलें आहे. ती चुकली, परंतु अगदींच चुकली असें मला म्हणवत नाहीं.

माळ्यानें दोन कामें अंगावर घेतलीं. ज्यानें बागेंत काम केलें आहे त्याला ठाऊक आहे कीं दोन्ही कामें पाठ मोडणारीं आहेत, आणि दुसरें तर घाणीचेंही आहे. कुऱ्हाडीचें काम दोन घटकांत होतें, आणि आपण कांहीं केलें असें समाधान करणाऱ्याला मिळतें. आळें वांकून करावें लागतें, आणि केल्यावर पाहणाऱ्याला उकरलेल्या मातीशिवाय कांहीं दिसत नाहीं.

खणावयाचें कशासाठीं? झाडाचीं जाड, तपकिरी मुळें झाडाला धरून ठेवितात. वादळांत तें त्यांच्याच जोरावर उभें राहतें. परंतु जमिनींतलें पाणी व अन्न शोषण्याचें काम बहुतेक टोंकांकडच्या कोवळ्या, बारीक मुळ्या करितात. बागवान तिला पांढरी मुळी म्हणतात. पायांखालीं तुडवून माती घट्ट झाली कीं तींत हवा शिरत नाहीं, पाणी मुरत नाहीं, आणि पांढरी मुळी चालत नाहीं. मग झाड उभें असतें, पण उपाशी असतें. माती हलक्या हातानें मोकळी केली असतां कांहीं जुन्या मुळ्या तुटतात, आणि नव्या फुटतात. हलक्या हातानें, असें मीं म्हटलें. रागानें कुदळ खोल घालणारा माळी झाडाचा जीवच घेतो.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत जाड मुळें पुष्कळ आहेत, आणि त्याबद्दल देवाची स्तुति असो. आमच्या आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला, गांवानें पाणवठा बंद केला, भाऊबंदांनीं वाळींत टाकिलें, तरी म्हातारा मागें फिरला नाहीं, असें आपण मुलांना सांगतों. तें सांगावेंच. त्या मुळावर आपण आजवर उभे आहों. परंतु आजोबांच्या प्रार्थनेनें नातवाचें पोट भरत नाहीं. ह्या वर्षाचें अन्न ह्या वर्षाच्या पांढऱ्या मुळीनेंच घ्यावें लागतें: आज सकाळीं वाचलेलें वचन, काल रात्रीं भावाची मागितलेली क्षमा, ह्या आठवड्यांत विधवेच्या घरीं नेलेली शेरभर ज्वारी. ज्याला ख्रिस्ती घराण्यांत जन्मल्याचा अभिमान आहे, त्यानें आपल्या झाडाची माती एकदां उकरून पाहावी, आणि ह्या पावसाळ्यांत फुटलेली एक तरी पांढरी मुळी आपल्याला सांपडते काय हें पाहावें.

खणतांना हरळी लागते. ती वरून विळ्यानें कापली तर आठ दिवसांत पुन्हां हिरवी. तिचें एक पेर जरी मातींत राहिलें तरी त्यालाच नवा कोंब येतो. दारूची गोष्ट अशीच आहे. नाताळाच्या उपासनेंत शपथ घेतली जाते, लोक टाळ्या वाजवितात, आणि संक्रांतीच्या आंत मनुष्य पुन्हां गुत्त्यावर. आम्हीं विळा चालविलेला असतो, कुदळ चालविलेली नसते. कर्ज कोठें आहे, घरांत कोणाचें दुःख दाबून ठेविलें आहे, संध्याकाळीं त्याच्याबरोबर कोण बसतो, हें पेर न् पेर उकरून पाहावें लागतें. आणि त्याला शपथेपेक्षां अधिक वेळ लागतो.

खताविषयीं दोन गोष्टी सांगावयाच्या. पहिली अशी कीं, ताजें शेण झाडाला घालूं नये. तें मुळाशीं तापतें, आणि त्यांत हुमणी होते. ती अळी मग मुळेंच खाते. खड्ड्यांत कुजून, मुरून, त्याचा वास जाऊन तें मातीसारखें झालें म्हणजे तें खत. माझ्या उपदेशक बंधूंनीं रागावूं नये, परंतु शनिवारीं रात्रीं दिवा मालवतांना सुचलेला आणि रविवारीं सकाळीं लोकांच्या अंगावर ओतलेला उपदेश हा पुष्कळदां ताजें शेणच असतो. वचन अगोदर आपल्याच अंतःकरणांत कुजलें पाहिजे. आपल्याच घरांत, आपल्या बायकोमुलांपुढें, त्याचा वास जिरला पाहिजे. (मीं स्वतः असे कच्चे उपदेश किती केले ह्याचा हिशेब ठेविलेला नाहीं, हें बरेंच आहे.)

दुसरी गोष्ट खताच्या जागेची. नवशिका माळी खताची पाटी बुंध्याशीं ओततो, कारण बुंधा डोळ्यांपुढें असतो. परंतु कोवळी मुळी बुंध्यापासून दूर, फांद्यांचा घेर जेथें संपतो तेथवर पसरलेली असते. जाणता माळी तेथें आळें करितो. आमच्या भेटींचें काय होतें? देवळाच्या भिंतीला लागून ज्यांचीं घरें त्यांच्याकडे आम्ही आठवड्यांतून तीनदां चहा पितों, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, ऊसतोडीला गेलेल्यांच्या पालांवर, पुण्यामुंबईस मजुरी करणाऱ्या पोरांकडे, वर्षांतून एकदांही जात नाहीं. सर्व खत बुंध्याशीं, आणि मग फांद्यांच्या टोंकांना फळ कां नाहीं म्हणून आम्हीच विचारतों.

आपल्याकडचा बागवान आणखी एक काम करितो, जें ह्या दृष्टांतांत सांगितलेलें नाहीं. पण एका वर्षाच्या मुदतींत काय काय मावतें तें समजण्यास त्याचा उपयोग होतो. तें काम म्हणजे ताण देणें. संत्र्याची, मोसंब्याची किंवा डाळिंबाची बाग असली म्हणजे बहार धरण्यापूर्वीं तो कांहीं दिवस पाणी तोडतो. पाट कोरडे पडतात; आतां ठिबकाच्या नळ्या आल्या आहेत, त्याही बंद होतात. पानें मलूल होतात, पिंवळीं पडतात, कित्येक गळूनही जातात. वाटसरू म्हणतो, ह्या बागेचा मालक मेला असावा. तसें नसतें. सदोदित पाणी पिणारें झाड पानेंच वाढवितें. पाणी तुटलें कीं त्याची वाढ थांबते, आणि फांदींत सांठा होऊं लागतो. मग आळीं मोकळीं करून, खत देऊन, प्रथम हलकें व पुढें बेताबेतानें पाणी सोडलें म्हणजे झाड फुलांनीं भरतें. हा ताण सरसकट नसतो. हलक्या जमिनीला थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीला अधिक लागतात. आणि त्या दिवसांत माळी इतर वेळेपेक्षां बागेंत अधिक हिंडतो, कारण दोन दिवस चुकले तर झाड फळण्याऐवजीं वाळतें.

प्रार्थना करितों पण देव ऐकत नाहीं, असे दिवस ज्याच्यावर आले असतील त्यानें हें मनांत धरावें. पाणी तुटलें म्हणजे कुऱ्हाडच येणार असें नाहीं. माळी बांधावर उभा राहून पानें पाहत असेल.

पण येथें मला एक इशारा द्यावासा वाटतो. देवाचा ताण हा शब्द आम्ही दुसऱ्याच्या दुःखाला फार लवकर लावितों. पाऊस गेला, सोसायटीचें कर्ज थकलें, कर्त्या पुरुषानें जीव दिला, आणि आम्ही त्या घरीं जाऊन सांगतों कीं देव तुमची परीक्षा पाहत आहे. हें सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला? बागेला ताण किती द्यावयाचा हें माळी ठरवितो. शेजारचा बैल ठरवीत नाहीं. भुकेल्या घरांत शिरतांना हातांत भाकरी असावी. ताण होता कीं नव्हता, हें त्या घरच्यांनीं पुढें कधीं आपल्या तोंडानें म्हटलें तर म्हणोत.

मुदत एका वर्षाची होती. देव कोणाला एक वर्ष देतो, कोणाला अधिक. विल्यम केरी ह्यांचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकिलें असेल. आपल्या भाषेवरही त्यांचें ऋण आहे. १८०५ सालीं त्यांनीं मराठीचें व्याकरण छापिलें, आणि १८११ सालीं मराठी नवा करार सेरामपूरच्याच छापखान्यांतून निघाला. हा मनुष्य इंग्लंडांत जोडे शिवून पोट भरीत असे, आणि त्याला लहानपणापासून झाडांचा नाद होता. १७९३ च्या नोव्हेंबरांत ते बंगाल्यांत उतरले. नीळीच्या कारखान्यावर नोकरी करावी, भाषा शिकावी, उपदेश करावा, आणि घराजवळ बाग लावावी. इंग्लंडांतील मित्रांना लिहून बियाणें व शेतीचीं अवजारें मागवावीं. ह्या काळांत घरीं एक मूल वारलें आणि पत्नीला वेड लागलें. वर्षांमागून वर्षें गेलीं. त्यांच्या हातून एकाही बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. आमच्या पंचांपुढें त्यांचा हिशेब आला असता, तर तीन वर्षांतच कुऱ्हाड पडली असती.

सातव्या वर्षाच्या शेवटीं कृष्ण पाल नांवाच्या एका सुताराचा खांदा निखळला. केरींचे सोबती डॉक्टर टॉमस ह्यांनीं तो बसविला, आणि त्याच वेळीं त्याच्याशीं तारणाच्या गोष्टी केल्या. २८ डिसेंबर १८०० रोजीं सेरामपूर येथें नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांचें पहिलें फळ असें एका निखळलेल्या खांद्याच्या वाटेनें आलें.

पुढें १८१२ सालीं छापखान्याला आग लागून कागद, खिळे आणि किती तरी हस्तलिखितें जळालीं. १८२३ सालीं पूर येऊन केरींची बाग वाहून गेली. ती त्यांनीं अनेक वर्षें खपून, देशोदेशींचीं झाडें जमवून उभी केली होती. फळबागा व शेती सुधारावी म्हणून १८२० सालीं कलकत्त्यास एक मंडळही त्यांनीं स्थापिलें होतें. पुराच्या वेळीं ते आजारी होते, वय साठीच्या पुढें गेलेलें. बरे होतांच त्यांनीं पुन्हां बाग लावावयास घेतली. मला केरींच्या विद्वत्तेपेक्षां हेंच अधिक मोठें वाटतें. साठ वर्षांचा मनुष्य चिखलांत रोप लावितो, तें फळ खाण्यासाठीं नव्हे हें उघड आहे.

आतां माझी गोष्ट सांगतों. ती माझ्या मोठेपणाची नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका लहान गांवीं शाळा व मंडळी अशीं दोन्ही कामें पाहत होतों. सभासदांच्या पटावर एक नांव होतें. तो मनुष्य बाप्तिस्म्यानंतर कांहीं दिवस नियमानें आला, मग आला नाहीं. तो पितो असें कोणी म्हणे. जत्रेंत दिसला असेंही कोणी म्हणे. तीन वर्षें मीं त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण केली. चौथ्या वर्षाच्या आरंभीं पंचांच्या सभेंत मीं ठराव मांडिला कीं त्याचें नांव पटावरून काढावें. ठरावाबरोबर मीं हाच दृष्टांत वाचून दाखविला, आणि माळ्याच्या विनंतीपाशीं न पोहोंचतांच थांबलों.

आमच्या पंचांत एक म्हातारे होते. सर्व आयुष्य दुसऱ्यांच्या मळ्यांत माळीकाम केलेले. त्यांस वाचतां येत नव्हतें. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मास्तर, झाड तोडायचं म्हनता, तोडू. पन आळं कवा केलं व्हतं?”

मला प्रथम समजलें नाहीं. त्यांनीं पुन्हां विचारिलें, “त्याच्या घरला किती येळा गेला व्हता?”

तीन वर्षांत मी त्याच्या घरीं एकदां गेलों होतों, आणि तें वर्गणी मागावयास.

सभेंत कोणी बोललें नाहीं. ठराव बाजूला राहिला. दुसऱ्या दिवशीं मी गेलों. तो अंगणांत दोरी वळीत बसला होता. त्यानें मला बसावयास घोंगडी दिली, पाणी दिलें, आणि दोरी वळणें चालू ठेविलें. बोलणें त्याच्या पत्नीनें केलें. तीन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत त्यांची धाकटी मुलगी तापानें गेली. ओढ्याला पाणी होतें. त्यांनीं निरोप पाठविला होता. तो मला मिळाला होता. पाणी उतरल्यावर जाईन असें मीं म्हटलें होतें. मग परीक्षा आल्या, आणि मी विसरलों. मुलीला माती दिली ती शेजारच्या लोकांनीं, ज्यांना आम्ही अंधारांतले म्हणत होतों. प्रार्थना करावयास कोणी नव्हतें. बापानें स्वतःच येत होती तेवढी प्रभूची प्रार्थना म्हटली, आणि मध्येंच विसरला.

मी तेथें माळी म्हणून गेलों होतों. पण त्या अंगणांत कोणाच्या भोंवतीं कुदळ चालली हें तुम्हांला कळलेंच असेल. मीं त्याची क्षमा मागितली. त्यानें मान हलविली. होय म्हणून कीं नाहीं म्हणून, हें मला कळलें नाहीं. मुलीची जागा मला दाखवाल काय, असें मीं विचारिलें, तेव्हां तो उठला. बाभळीखालीं दगडांचा लहान ढीग होता. तेथें मीं प्रार्थना केली, आणि प्रभूची प्रार्थना आम्ही दोघांनीं मिळून शेवटपर्यंत म्हटली.

त्यानंतर मी दर पंधरवड्यास जात असें. कधीं तो घरीं असे, कधीं नसे. हंगामाच्या सणाला त्याची पत्नी व मुलगा देवळांत आलीं, आणि त्यांनीं ओट्यांतून भुईमुगाच्या शेंगा आणून वेदीपाशीं ओतल्या. तो आला नाहीं. पुढल्या जून महिन्यांत माझी बदली झाली. ते वृद्ध माळी आतां प्रभूजवळ आहेत. त्या मनुष्याविषयीं मला पुढें कांहींच कळलें नाहीं, आणि तो देवळाच्या दारांतून शेवटीं आंत आला कीं नाहीं हें मी तुम्हांला सांगूं शकत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, वर्ष संपण्यापूर्वीं तुमच्यापैकीं पुष्कळांपुढें पट उघडला जाईल. कोणाचेंही नांव कधींच काढूं नये असें मी म्हणत नाहीं. माळ्यानेंही तसें म्हटलें नाहीं, आणि कुऱ्हाड खरी आहे. परंतु त्यानें शेवटीं काय म्हटलें तें नीट वाचा. फळ न आलें तर मी तोडीन, असें तो म्हणाला नाहीं. तें काम त्यानें धन्याकडे ठेविलें. आपल्याकडे वर्षभराची कुदळ ठेविली.

बदलीच्या वेळीं दप्तर नव्या मास्तरांच्या हवालीं केलें, तेव्हां तें नांव मीं पटावर तसेंच राहूं दिलें. एका निराळ्या कागदावर त्या घराची वाट लिहून तो कागद त्याच पानांत ठेविला: ओढा ओलांडावा, चिंचेच्या डाव्या अंगानें तिसरें घर, श्रावणांत ओढ्याला पाणी असतें, तेव्हां वरच्या अंगाला खडकावरून उतार आहे, तेथून जावें.